वळणापलीकडील माणूस

घरातून कोणी प्रवासास निघाला म्हणजे उंबरठ्याशी उभ्या असलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून एक शब्द हमखास निघतो. मराठी घरात 'सावकाश जा' असे म्हणतात, कोकणी घरात 'सवकास वच' असे म्हणतात. जाणारा मान हलवितो आणि दहा पावले गेला नाही तोच तो शब्द विसरतो. आपण सर्वजण हा शब्द 'हळू' या अर्थी वापरतो. परंतु त्याची फोड करून पाहिली तर 'अवकाशासह', म्हणजे मोकळी जागा राखून, असा त्याचा मूळ अर्थ निघतो. सावकाश जाणे म्हणजे आपल्याभोवती जागा राखून जाणे होय. ही जागा कोणासाठी राखावयाची, आणि ती राखणे हा केवळ शहाणपणाचा भाग आहे की धर्माचा, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या विचारासाठी आम्ही उदाहरण घेतले आहे ते घाटातील नागमोडी रस्त्यावरून मोटारसायकल चालविणाऱ्या माणसाचे. हा विषय वाहतूक-पोलिसांचा. धर्माधर्माच्या चर्चेत फटफटीचे काय काम, असे कोणी वाचक विचारतील. आमचे नम्र मत असे की, धर्मनिर्णयाचे मोठे प्रसंग मनुष्याच्या आयुष्यात क्वचितच येतात. कुरुक्षेत्र प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही. आंधळे वळण मात्र रोज येते, आणि तेथे जो निर्णय करावयाचा तो क्षणार्धात, एकट्याने, कोणी पाहत नसता करावयाचा असतो. माणसाच्या नीतीची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

आपल्या वाचकांस या रस्त्यांची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. सोळाव्या शतकात धर्मच्छळाच्या काळी कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची महालसा म्हार्दोळास आली. देवांप्रमाणे माणसांचीही पांगापांग झाली, आणि त्यांचे कुळावी पुढे बेळगाव-धारवाडापासून इंदूर-बडोद्यापर्यंत नांदू लागले. तेव्हापासून कुलदैवताची ओढ आणि सह्याद्रीची वाट या दोन गोष्टी आपल्या समाजात एकत्र जोडल्या गेल्या आहेत. माघ शुद्ध पंचमीस शांतादुर्गेची जत्रा, माघी पौर्णिमेस मंगेशाची. त्या दिवसांत घाटरस्ते गजबजतात. बेळगावहून येणारा चोर्ला घाटाने उतरतो, जेथे गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या सीमा भेटतात. किंवा अनमोड घाटाने मोल्याच्या अरण्यातून येतो. सावंतवाडीकडे जाणारा आंबोलीने उतरतो. गोव्यात पोचल्यावरही सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील आडरस्ते तितकेच वळणावळणांचे आहेत. पूर्वी ही वाट बसने किंवा कुटुंबासह मोटारीने चालत. आता घरातील तरुण मुलगा पत्नीस किंवा मित्रास मागे बसवून मोटारसायकलवरूनच निघतो.

हे वाहन स्वस्त आहे, गरिबास परवडणारे आहे, आणि अरुंद वाटेवर सोयीचेही आहे. आम्ही त्याचे वैरी नाही. परंतु भारत सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, आणि त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. शंभरातील चव्वेचाळीस-पंचेचाळीस! एखाद्या साथीच्या रोगाने एका वर्षात एवढी माणसे नेली असती तर देवळादेवळांतून शांतीची अनुष्ठाने बसली असती. या मृत्यूंची आपणांस सवय झाली आहे. आणि ज्या अनिष्टाची सवय होते त्याचा विचार करणे माणूस सोडून देतो.

विचार सोडण्यास तीन सबबी पुढे केल्या जातात. त्यांची क्रमाने तपासणी करू.

पहिली सबब अशी की, 'जीव माझा आहे. तो धोक्यात घालण्याचा अधिकारही माझा.' तरुणांस ही भाषा शूरपणाची वाटते. वस्तुतः घाटातील रस्त्यावर एकट्याचा असा जीव नसतोच. मागे बसलेल्या माणसाच्या हाती मूठ नाही, ब्रेक नाही, आणि समोरचा रस्ताही त्यास नीट दिसत नाही. पालखी वाहताना पुढच्या भोयाने पाहावे आणि मागच्याने विश्वास ठेवावा, तसाच हा व्यवहार आहे. गोव्यात भाड्याने प्रवासी नेणाऱ्या मोटारसायकलस्वारास 'पायलट' म्हणतात. अनोळखी माणूस, पुष्कळदा म्हातारी बाई, बाजाराची पिशवी सांभाळीत त्याच्यामागे बसते. तिने त्याच्या हाती जे सोपविले ते ठेवीसारखे आहे. ठेवीचा अपहार करणाऱ्यास आपण चोर म्हणतो. ठेवीने जुगार खेळणाऱ्यास काय म्हणावे? समजा, मागे कोणी बसलेले नाही. तरीही समोरून येणारा आहे. दरीत उतरून देह वर काढणारे गावकरी आहेत. आणि रात्री दिवा लावून वाट पाहणारे घर आहे. 'जीव माझा' या वाक्यात एवढ्या सर्वांचा विसर पडलेला असतो.

दुसरी सबब कौशल्याची. 'माझा हात बसलेला आहे, हा घाट मला पाठ आहे.' कौशल्यास आम्ही कमी लेखीत नाही. त्याविषयी पुढे लिहावयाचेच आहे. परंतु सृष्टीचे काही नियम असे आहेत की ते निष्णात आणि नवखा असा भेद मानीत नाहीत. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. संकट दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर साधारण चालकास कोरड्या रस्त्यावर पूर्ण थांबण्यास सुमारे २३ मीटर लागतात. वेग ६० झाला की हेच अंतर सुमारे ४५ मीटर होते. वेग दीडपट वाढतो आणि थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट होते. वळणावर तर हिशेब याहून कठोर आहे. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० च्या वेगास गाडी सुमारे २० अंश कलवावी लागते, ४० च्या वेगास ३२ अंश, आणि ५० च्या वेगास ४५ अंश. पावसाने ओल्या झालेल्या डांबरावर साध्या टायरास एवढा कल पेलत नाही, तो सुटतो. तेथे चालकाची वीस वर्षांची सवय उपयोगास येत नाही.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजलिस भागातील नऊशेंहून अधिक मोटारसायकल-अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या अपघातांत दुसरे वाहन नव्हतेच, अशांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत चूक स्वाराचीच होती असे त्यांस आढळले. ती चूकही ठरावीक: घाबरून ब्रेक जोराने दाबल्याने घसरणे, किंवा वेग न आवरल्याने वळणावर बाहेर फेकले जाणे. देश निराळा, रस्ते निराळे. परंतु माणसाचे भय आणि माणसाची घाई सर्वत्र एकच.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कौशल्य कितीही असले तरी त्यास डोंगराआडचे दिसत नाही. घाट पाठ असतो तो दगडांचा आणि डांबराचा. पलीकडे आज कोण आहे, हे पाठ करता येत नाही. मोळी घेऊन चाललेली बाई असेल, ऊब धरून रस्त्यावर बसलेली गुरे असतील, अनमोडच्या किंवा आंबोलीच्या रानातून बाहेर आलेला गवा असेल, काल रात्रीच्या पावसाने खाली आलेली तांबडी माती असेल. यातून एक नियम निघतो, आणि तो आमच्या मते या विषयातील मूलमंत्र आहे: जितका रस्ता दिसतो तितक्यात थांबता आले पाहिजे. दोन वाहने कष्टाने जातील असा अरुंद रस्ता असेल, तर दिसणाऱ्या रस्त्याच्या अर्ध्यात थांबता आले पाहिजे. कारण उरलेला अर्धा समोरून येणाऱ्याचा आहे. न दिसणाऱ्या रस्त्यावर आपला हक्क नाही. तो पलीकडच्या माणसाचा आहे.

हा नियम मान्य केला की बाकीचे सर्व कौशल्य त्याच्या सेवेस येते. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करावा आणि गिअरही तेव्हाच उतरवावा. वळणात शिरल्यावर मूठ स्थिर ठेवावी. मध्येच पुढचा ब्रेक एकाएकी दाबला की चाक घसरते. नजर समोरच्या खड्ड्यावर किंवा कठड्यावर न खिळविता वळण जेथे सुटते तिकडे ठेवावी; कारण भय वाटून माणूस ज्याकडे पाहत राहतो तिकडेच त्याचे हात गाडी नेतात. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते. त्यामुळे उजव्या वळणावर चाके आपल्या बाजूस असली तरी कललेल्या स्वाराचे डोके मध्यरेषेपलीकडे जाते, आणि समोरून येणाऱ्या ट्रकने ते तेथे असेल अशी अपेक्षा केलेली नसते. अशा वळणावर डाव्या अंगास राहावे. डाव्या आंधळ्या वळणावर मात्र कडेस अगदी चिकटले तर पलीकडचे फार उशिरा दिसते. तेथे आपल्याच अर्ध्या भागात किंचित उजवीकडून जावे. रस्ता वळणाऱ्या भागात मोठी बस आली तर तिची मागची चाके आतल्या बाजूस ओढली जातात. वळणाच्या अलीकडे थांबून तिला जाऊ द्यावे. चढणाऱ्यास उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा घाटांतील संकेत १९८९ च्या रस्ता-वाहतूक नियमावलीतही घातलेला होता. उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची जी खोड पुष्कळांस आहे, ती फार घातक. इंजिनाचा आधार सुटतो, सर्व भार ब्रेकवर पडतो, आणि तापलेला ब्रेक नेमक्या वेळी दगा देतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडे होते. तेव्हा आणि धुक्यात नेहमीचा वेग हा वेग नव्हेच. आंधळ्या वळणाआधी भोंगा द्यावा. तो समोरच्यास हटविण्यासाठी द्यावयाचा नसतो. आपण आहोत एवढे त्यास कळावे म्हणून द्यावयाचा असतो.

तिसरी सबब श्रद्धेची, आणि आपल्या वाचकांच्या दृष्टीने तीच सर्वांत नाजूक आहे. 'देव तारी त्याला कोण मारी', 'लिहिलेले टळत नाही', असे म्हणून पुष्कळ सात्त्विक माणसेही हेल्मेट डोक्यावर न घालता गाडीच्या हातास अडकवून जातात. दसऱ्यास गाडीला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू चिरडले, घाटमाथ्यावरील देवस्थानापुढे नारळ वाढविला, म्हणजे आपल्याकडून करावयाचे ते झाले, अशी समजूत दिसते. आम्ही पूजेची थट्टा करीत नाही. उलट तिचा अर्थ पुरता घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. पूजेचा आरंभ संकल्पाने होतो, आणि संकल्प म्हणजे करणाऱ्याने आपल्यावर घेतलेले बंधन. वाहनाची पूजा करणारा देवाकडून हमी विकत घेत नाही. हे साधन मी कोणाच्या नाशासाठी वापरणार नाही, असे तो देवासमोर कबूल करतो. कठोपनिषदात शरीरास रथ म्हटले आहे, इंद्रियांस घोडे, मनास लगाम आणि बुद्धीस सारथी. ज्याचा सारथी जागा नाही त्याचा रथ मुक्कामास पोचत नाही, हा त्या रूपकाचा आशय. रथ भगवंताच्या नावाने सुटला म्हणून सारथ्यास झोप घेण्याची मोकळीक त्यात कोठेही दिलेली नाही. ज्याने डोके दिले त्याने ते सांभाळण्याची बुद्धीही त्याच डोक्यात ठेवली आहे. हेल्मेट सक्तीचे करणारे १२९ वे कलम १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहेच. कायदा नसता तरी ते घालणे कर्तव्यच ठरले असते.

या ठिकाणी एक खरी अडचण उभी राहते. दोन तरुण एकाच दिवशी, एकाच वेगाने, त्याच आंधळ्या वळणात शिरले असे समजू. पहिल्यापुढे रस्ता मोकळा होता. तो घरी पोचला, जेवला, झोपला. दुसऱ्यापुढे शाळेतून परतणारे मूल होते. दुसऱ्यास आपण अपराधी म्हणतो, न्यायालय त्यास शिक्षा देते, आणि तो स्वतःही जन्मभर स्वतःस क्षमा करू शकत नाही. पहिल्यास कोणी काही म्हणत नाही. कित्येकदा त्याच्या चपळाईचे कौतुकच होते. परंतु त्या दोघांनी जे केले त्यात तिळमात्र फरक आहे काय?

कायद्यास परिणामाकडे पाहावे लागते; जे घडले नाही त्याचा पुरावा त्याच्यापुढे येत नाही. जखमी कुटुंबाच्या दुःखासही परिणामाखेरीज दुसरे काही दिसणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु जो मनुष्य स्वतःस विचारतो की मी कसा वागलो, त्याने परिणामामागे लपू नये. कर्म आपल्या हाती आणि फळ आपल्या हाती नाही, ही शिकवण आपल्या घराघरांत आहे. तिचा उपयोग आपण बहुधा सांत्वनासाठी करतो: प्रयत्न केला, यश आले नाही, तरी खेद करू नये. त्याच शिकवणीची दुसरी, कठोर बाजू आपल्या ध्यानात येत नाही. फळ आपल्या हाती नाही याचा अर्थ असाही आहे की, चांगले फळ मिळाले म्हणून कर्म चांगले ठरत नाही. सुखरूप पोचणे हा पहिल्या तरुणाच्या निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. वळणात शिरतानाच त्याने पलीकडच्या माणसाचा वाटा घेतला होता. तेथे माणूस नव्हता, ही त्याची पुण्याई नव्हती. आमच्या मते दोष वळणाच्या तोंडाशीच घडतो. पुढे जे होते ते त्या दोषाचे फळ, आणि फळाची वाटणी नेहमी न्यायाने होत नाही.

कोणी म्हणेल, ही नीती फार कडक झाली. अशाने जगणे अशक्य होईल. रुग्णास औषध पोचवावयाचे असते, वेळेवर कामावर जावयाचे असते, मागून ट्रक भोंगा वाजवीत असतो, रस्ते खड्ड्यांनी भरलेले असतात. हे सर्व खरे आहे. खड्ड्यांचा दोष ज्यांनी रस्ता केला त्यांच्या माथी आहे, आणि तो त्यांस सुनावलाच पाहिजे. परंतु दुसऱ्याच्या दोषाने आपले कर्तव्य कमी होत नाही. रस्ता वाईट आहे हे ठाऊक असणाऱ्यावर तर ते वाढते. मागून घाई करणाऱ्यास जागा मिळताच डाव्या बाजूस होऊन पुढे जाऊ द्यावे. त्याच्या घाईचा भार आपण उचलू नये. उरला वेळेचा प्रश्न. तीस किलोमीटरचा घाट ताशी ४५ च्या ऐवजी ३० च्या वेगाने उतरला तर वीस मिनिटे अधिक लागतात. देवळातील आरती कदाचित चुकेल. परंतु वळणापलीकडील माणसाचा वाटा हिरावून आरतीस वेळेवर पोचणाऱ्याने देवासमोर कोणत्या तोंडाने उभे राहावे?

पडलेल्या माणसाशी आपण कसे वागतो, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून जखमीस ओलांडून जाणारे पुष्कळ असत. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १३४-अ हे कलम आले, आणि शुद्ध हेतूने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी जबाबदारीतून संरक्षण मिळाले. आता भयाची सबबही राहिली नाही. ज्या अनोळखी माणसासाठी वळणाआधी वेग आवरावयाचा, तोच वळणानंतर पडलेला दिसला तर थांबावयाचे. त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य दोन्ही ठिकाणी एकच आहे.

शेवटी वडीलधाऱ्यांस एक विनंती. जत्रेस किंवा सणास मुलगा घाट ओलांडून घरी आला की अनेक घरांतून पहिला प्रश्न ऐकू येतो, 'किती वाजता निघालास?' आणि उत्तर ऐकून, 'एवढ्यात पोचलास!' असे कौतुकही होते. सकाळी ज्यांनी सावकाश जा म्हणून सांगितले, तेच संध्याकाळी घाईस शाबासकी देतात. आणि मुलाच्या मनावर ठसते ती शाबासकीच. यापुढे किती वेळात आलास हे विचारू नये. वाटेत कोठे थांबलास, कोणास वाट दिलीस, मागे बसलेले माणूस घाबरले तर नाही ना, हे विचारावे. देवस्थानांच्या महाजनांनीही जत्रेच्या सूचनांत पूजेच्या वेळांखाली घाटरस्त्याविषयी दोन ओळी छापाव्यात. खर्च काहीच नाही.

असे झाले तर उंबरठ्यावरील त्या जुन्या शब्दास त्याचा पूर्ण अर्थ पुन्हा मिळेल. मग 'सावकाश जा' म्हणणाऱ्या आईच्या मनात आपल्या मुलाबरोबर वळणापलीकडच्या कोणा अनोळखी आईचे मूलही असेल, आणि निघणाराही दोघांच्या वतीने 'हो' म्हणेल.